कोरडे निघाले तरी फुटाचे पैसे

होळी झाली की मराठवाड्यातल्या आणि पश्चिम विदर्भातल्या रस्त्यांवर तमिळनाडूची पासिंग असलेल्या बोअरच्या गाड्या दिसू लागतात. त्यांतल्या अनेकींचे मूळ गाव नामक्कल जिल्ह्यातले तिरुचेंगोडे. बोअरच्या गाड्या बांधायच्या आणि देशभर फिरवायच्या, हा त्या गावाचा धंदा. पुढे रिग, मागे रॉड लादलेला ट्रक आणि बरोबर परप्रांतातली पाच-सहा पोरे. गाडीचा मुक्काम तालुक्याच्या गावाबाहेर, एजंटाच्या बोर्डाखाली असतो. शेतकऱ्याचा व्यवहार या एजंटाशी होतो, खोदणाऱ्याशी नाही. फोनवर भाव ठरतो, गाडी बऱ्याचदा रात्रीच येते, उजाडेपर्यंत तीन-चारशे फूट होतात आणि रोख मोजून घेतल्याशिवाय जॅक उचलले जात नाहीत. पाणी लागले तर नारळ-गुलाल, नाही लागले तर अंगभर राखाडी फुफाटा. पैसे दोन्ही वेळा सारखेच.

या व्यवहारात कागद नसतो. किती फूट खोदले, केसिंग किती उतरवले, खडक कुठे बदलला, ओल कुठे दिसली, यांतले काहीच लिहून ठेवले जात नाही. गाडी पुढच्या गावाला निघून जाते आणि तिच्याबरोबर त्या जमिनीच्या पोटाची माहितीही जाते. महिन्याभराने शेजारच्या गटातला शेतकरी दुसरी गाडी बोलावतो आणि तोच खडक पुन्हा पहिल्यापासून, तितक्याच अंधारात फोडतो. महाराष्ट्रात विहीर आणि बोअर खोदण्याच्या व्यवहाराचे खरे दुखणे इथे आहे. ठेकेदार चोर आहेत, अशी तक्रार पारावर रोज होते. पण व्यवहाराची रचनाच अशी आहे की प्रामाणिक ठेकेदार आणि फसवणारा ठेकेदार यांच्यात फरक करायला शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही.

आधी रचनाच पाहू. ठेकेदाराला मोबदला मिळतो फुटाचा. शेतकऱ्याला हवे असते पाणी. बऱ्याच ठिकाणी ठरावीक खोलीनंतर दर शंभर फुटांना भाव चढतो. समजा, पहिल्या 300 फुटांना 100 रुपये फूट ठरले आणि पुढच्या 200 फुटांना 130. पाचशे फुटांचे 56 हजार झाले; त्यात केसिंग, मोटार, केबल, पाइप यांतले काहीच आले नाही. तीनशे फुटांवर फुफाटाच उडत असताना ‘मालक, अजून शंभर मारू, खाली पाणी आहे’ असे सांगणाऱ्याला तो सल्ला फायद्याचा असतो, ऐकणाऱ्याला तो जुगार असतो. आधीचे तीस हजार मातीत गेलेले असतात, म्हणून ऐकणारा मान डोलावतो.

खाली पाणी असतेच का? राज्याचा चार-पंचमांशांहून जास्त भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यांचा हा खडक. तो स्वतः पाणी धरत नाही. पाणी असते ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत, मांजऱ्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. खोल जावे तशा भेगा आवळत जातात. काही ठिकाणी 400 फुटांवरही पाण्याची नस लागते, हे खरे. पण ते पाणी वर्षानुवर्षांचे साठलेले असते आणि उपसल्यावर लवकर भरत नाही. पहिल्या उन्हाळ्यात अडीच इंच देणारे बोअर तिसऱ्या उन्हाळ्यात गुळण्या टाकू लागते, ते बऱ्याचदा याच कारणाने.

तापी-पूर्णेच्या खोऱ्यात चित्र वेगळे आहे. तिथे गाळाचे जाड थर आहेत, वाळू-गोट्यांच्या पट्ट्यात पाणी आहे आणि खोल कूपनलिकेला तिथे अर्थ आहे. अर्थात अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात लागलेले पाणी पिकाला चालेलच असे नाही. कोकणात जांभा आहे. पावसात काठोकाठ भरलेली तिथली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते, कारण सच्छिद्र जांभा पाणी जितक्या चटकन पितो तितक्याच चटकन उताराला सोडून देतो. पूर्व विदर्भात पुन्हा निराळे, जुने कठीण खडक. जमीन अशी तालुक्यागणिक बदलते, पण गाडी तीच, रॉड तेच आणि सल्लाही तोच: अजून शंभर.

बोअरचे हे वेड फार जुने नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीस युनिसेफच्या मदतीने हवेच्या दाबावर हातोडा चालवणारी खोदयंत्रे भारतात आली आणि कठीण खडकात काही तासांत भोक पाडणे शक्य झाले. ही भोके होती पिण्याच्या पाण्यासाठी, हातपंपांसाठी. जालन्यात आणि सोलापुरात मिशनरी मंडळींनी सुधारलेल्या हातपंपांतूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ घडला, जो भारतभर आणि आफ्रिकेतही गेला. 1972 च्या दुष्काळाने महाराष्ट्रात या कामाला वेग आला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच वर्षीची. गावाची तहान भागवण्यासाठी आणलेले यंत्र पुढे सबमर्सिबल मोटार आणि वीज यांच्या जोडीने ऊस, केळी, मोसंबी, डाळिंब यांच्या मुळाशी जाऊन पोहोचले. तरीही खोदीव विहीर संपलेली नाही. 2017-18 हे संदर्भवर्ष धरून झालेल्या लघुसिंचन गणनेत देशात भूजलाच्या 2.19 कोटी योजना मोजल्या गेल्या आणि त्यांतल्या खोदीव विहिरींत महाराष्ट्र पहिला आला. म्हणजे या धंद्याचा ग्राहक घरोघरी आहे. मुळशी, कर्जत, इगतपुरीकडे वीकेंडसाठी प्लॉट घेणारा शहरी माणूसही आता त्याच रांगेत आहे, आणि त्याला तर मुरूम आणि पाषाण यांतला फरकही एजंटच समजावून सांगतो.

गाडी बोलावण्याआधी येतो तो पाणाड्या. हातात नारळ, कडुलिंबाची बेचक्याची काडी किंवा तांब्याच्या दोन सळ्या. त्याला हसणे सोपे आहे, पण तो टिकून का आहे ते पाहायला हवे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत झाडे आणि वारुळे यांवरून पाणी ओळखण्यावर आख्खा अध्याय लिहिला. त्यात निदान निरीक्षणाचा धागा होता. आजही अनुभवी पाणाडी जमिनीचा उतार, ओढ्याची वळणे, उंबर-जांभळाची झाडे नकळत वाचत असतो. श्रेय मात्र नारळाला जाते. जर्मनीत 1987-88 मध्ये म्युनिकजवळच्या एका कोठारात याची मोठी चाचणी झाली. खालच्या मजल्यावर जागा बदलता येणारा पाण्याचा पाइप आणि वर निवडक पाणाडे. त्या आकड्यांची अमेरिकी शास्त्रज्ञ जे. टी. एनराइट यांनी पुढे फेरतपासणी केली, तेव्हा पाणाड्यांचे अंदाज नशिबापेक्षा सरस नसल्याचे त्यांना दिसले.

दुसऱ्या बाजूला भूवैज्ञानिक आहे. भूजल यंत्रणेची कार्यालये जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत आणि जमिनीत विजेचा प्रवाह सोडून तिचा विरोध मोजणारे सर्वेक्षण शुल्क भरून करून घेता येते. त्यालाही मर्यादा आहेत. काळ्या पाषाणात ते हमी देत नाही, फक्त शक्यता सांगते. पण प्रामाणिक भूवैज्ञानिक ‘इथे खोदू नका’ असेही सांगतो. पाणाडी असे क्वचितच म्हणतो आणि ठेकेदार तर जवळजवळ कधीच नाही. पन्नास हजारांच्या किंवा चार लाखांच्या खर्चाआधी ‘नको’ म्हणू शकणारा एक तरी माणूस बोलावणे, हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त विमा आहे.

ठेकेदाराची बाजू नाही असे नाही. डिझेल त्याचे, बिट तुटला तर तोटा त्याचा, रॉड अडकून बोअरमध्येच राहिले तर भुर्दंड त्याचा. जमिनीत पाणी ठेवणे त्याच्या हातात नाही. म्हणून पाण्याची हमी त्याच्याकडून मागणे अन्यायाचे होईल. मागायची ती कामाची हमी, आणि ती मोजता येते. रॉड सहसा वीस फुटांचा असतो. किती रॉड उतरले ते मोजले की खोली कळते. मात्र मोजणाऱ्याने रात्रभर जागे राहायला हवे. केसिंग मुरूम संपून घट्ट खडकात रुतेपर्यंत उतरले पाहिजे. चाळीस फूट लागत असताना वीस फुटांवर थांबवले, तर पहिल्याच पावसाळ्यात माती ढासळून मोटार अडकते आणि दोष ‘जमिनीवर’ जातो. बाहेर येणारा चुरा दर दहा फुटांना मूठभर वेगळा ठेवला, तर खडक कुठे बदलला ते डोळ्यांना दिसते. ‘दोन इंच पाणी लागले’ या वाक्याला काही अर्थ नाही, कारण हवेच्या झोताने उसळणारे पाणी नेहमीच जास्त दिसते. मोटार सोडून काही तास चालवावी आणि 200 लिटरचे पिंप भरायला किती वेळ लागतो ते पाहावे. शंभर सेकंद लागले तर ताशी 7,200 लिटर, हा हिशेब कुठलाही शाळकरी मुलगा करील. हीच मोजणी मे महिन्यात पुन्हा केली तर खरे उत्तर मिळते.

खोदीव विहिरीचा ठेका आणखी गुंतागुंतीचा. वरची माती आणि मुरूम पोकलेन काढते. पुढे पाषाण लागला की होल मारून सुरुंग लावायचे, दगड यारीने वर ओढायचा, मग कडे बांधायचे किंवा सिमेंटची रिंग टाकायची. पिढ्यान्‌पिढ्या हे काम वडार समाजाच्या मजुरांनी केले. आज यंत्रे आली तरी तळाशी माणूस उतरतोच. बोली ठरते ती बहुधा घनफळावर, फुटावर किंवा सरसकट उक्ती. उक्त्या ठेक्यात वाद ठरलेला: मऊ समजून भाव दिला आणि दहा फुटांवर पाषाण लागला, तर ठेकेदार काम टाकून जातो. म्हणून मुरमाचा आणि पाषाणाचा भाव आधीच वेगळा बोलावा, निघालेला दगड-मुरूम कुणाचा ते ठरवावे, उपशाच्या पंपाचे डिझेल कुणी घालायचे ते लिहावे. आणि काम उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी सर्वांत खाली असताना करावे. दिवाळीत लागलेल्या झऱ्यावर खूश होणाऱ्याची फजिती एप्रिलमध्ये होते.

यातही सर्वांत कमी बोलले जाते ते तळाशी उतरणाऱ्या माणसाबद्दल. ऑगस्ट 2023 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबावाडीत शंभर फुटांहून खोल विहिरीच्या रिंगचे काम चालू असताना कडा कोसळली आणि चार मजूर ढिगाऱ्याखाली गाडले गेले. यंत्रे लावूनही त्यांचे मृतदेह बाहेर काढायला काही दिवस लागले. सुरुंग लावण्यासाठी परवानाधारक माणूस लागतो, स्फोटकांचा हिशेब ठेवावा लागतो. ज्या केंद्रीय संस्थेच्या अखत्यारीत हे येते तिचे मुख्यालय नागपुरातच आहे. पण शेतमालक परवाना पाहायला मागत नाही, ठेकेदार दाखवत नाही. मजुरांचा विमा, यारीच्या दोरखंडाची तपासणी, पावसाळ्यात काम बंद ठेवण्याची अट यांचा उक्त्या ठेक्यात शब्दही नसतो. अपघात झाला की पोलिसांपुढे मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदार मालकाकडे, कारण जबाबदारी कुणाची ते कुठेच लिहिलेले नसते.

कायदा नाही म्हणून हे चालले आहे, असेही नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम 2009 हा राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर 2014 मध्ये अमलात आला. त्यात खोदयंत्राच्या मालकाला नोंदणी बंधनकारक आहे आणि 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. त्याआधीच्या, 1993 च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला मनाई केली होती. हरियाणात 2006 मध्ये एक लहान मुलगा बोअरमध्ये पडला आणि साऱ्या देशाने टीव्हीवर त्याची सुटका पाहिली. अशा घटना वाढत गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये आदेश दिले: खोदण्याच्या 15 दिवस आधी लेखी कळवा, यंत्र नोंदणीकृत असू द्या, जागेवर मालकाचा आणि एजन्सीचा पत्ता लिहिलेला फलक लावा, कुंपण घाला, सोडून दिलेले बोअर तळापासून भरून काढा. रात्री येऊन पहाटे निघून जाणाऱ्या गाडीला यातले काय लागू होते, ते गावाला माहीत आहे.

मात्र कायद्याच्या या गर्दीत एक विसंगती आहे आणि तिच्याकडे सरकारने डोळे उघडून पाहायला हवे. 200 फुटांच्या पुढे निर्बंध असतील, तर 600 फूट खोदणारा माणूस नोंद कशाला करील? बंदीने बोअर थांबले नाही, फक्त त्याचा कागद थांबला. नियमांचा मसुदा 2018 मध्ये हरकतींसाठी आला, तेव्हाही चर्चा फिरली ती मुख्यतः बंदी आणि कर यांभोवती. माहिती गोळा करणे हा मुद्दा मागेच पडला.

सरकारी विहिरींची कथा याहून वेगळी नाही. रोजगार हमीतून सिंचन विहिरीसाठी नोव्हेंबर 2022 मध्ये राज्याने अनुदान चार लाखांपर्यंत नेले. योजनेच्या नियमांनी ठेकेदाराला मनाई केलेली आणि काम मजुरांच्या हातांनी व्हायचे. पण काळा पाषाण कुदळ-पहारीने फुटत नाही, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक असते. त्यामुळे कागदावर मजूर आणि जमिनीवर पोकलेन, ब्लास्टर आणि ठेकेदार. असा खोटा कागद एकदा मान्य झाला की प्रत्येक सहीची किंमत ठरते. मार्च 2023 अखेर फुलंब्रीच्या पंचायत समितीसमोर एका तरुण सरपंचाने विहिरींच्या मंजुरीसाठी पैसे मागितले जातात असा आरोप करत दोन लाखांच्या नोटा उधळल्या. ते दृश्य महाराष्ट्राने पाहिले आहे. कागदावरच खोदलेली विहीर चोरीला गेल्याची तक्रार ‘जाऊ तिथे खाऊ’ या चित्रपटात आली, तेव्हा प्रेक्षक हसले ते ओळखीच्या गोष्टीला.

मग करायचे काय? एका पानाची खोदकाम नोंद सक्तीची करावी. गट क्रमांक, तारीख, एकूण खोली, केसिंगची खोली, किती फुटांवर खडक बदलला, ओल कुठे, पाणी कुठे, पिंप भरायला लागलेला वेळ आणि गाडीचा नोंदणी क्रमांक. कोरडे बोअर असेल तर तेही, कारण शेजाऱ्यासाठी कोरड्या बोअरची माहिती लागलेल्या बोअरइतकीच मोलाची. खाली गाडीच्या चालकाची आणि शेतकऱ्याची सही. एक प्रत शेतकऱ्याला, एक ग्रामपंचायतीला, एक भूजल यंत्रणेला. हीच नोंद बिलाचे काम करील. ग्राहक आयोगाकडे जायचे तर सेवा कुणी दिली, किती दिली, याचा पुरावा लागतो, आणि आज तोच नसतो. पहिली काही वर्षे तरी या नोंदीवरून कुणावर खोलीच्या निर्बंधाची कारवाई होणार नाही, असे सरकारने स्पष्ट लिहून द्यावे. नाहीतर सगळीच बोअर 199 फुटांची निघतील.

हे अव्यवहार्य आहे, असा आक्षेप येईल. पण भूजल यंत्रणा राज्यभरातल्या हजारो निरीक्षण विहिरींतली पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजतेच. केंद्राने डिसेंबर 2019 मध्ये सात राज्यांसाठी 6,000 कोटींची अटल भूजल योजना आणली, तिच्यात महाराष्ट्र होता आणि गावपातळीवर पाण्याचा ताळेबंद मांडणे हा तिचा गाभाच होता. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम करून आणि दरवर्षी पाण्याचा हिशेब गावापुढे मांडून काय साधले, ते सर्वांना ठाऊक आहे. साताऱ्यातल्या रणदुल्लाबादने पुण्याच्या ‘ॲक्वाडॅम’ संस्थेच्या अभ्यासाच्या आधारे गावाखालचा खडक समजून घेतला आणि बोअरऐवजी विहिरी आणि त्यांचे सामाईक पाणी यांवर भर दिला. या गावांनी आधी स्वतःची जमीन वाचली, मग खोदायचे की नाही ते ठरवले. बाकीच्या गावांना ती वाचायची तर अक्षरे हवीत. ती दर हंगामात फुफाट्याबरोबर उडून जात आहेत.

सक्ती आणायला नवे खातेही नको. सौर कृषिपंपासाठी अर्ज करताना पाण्याच्या स्रोताची माहिती द्यावीच लागते. तिथे ही नोंद जोडायला सांगता येईल. विहिरीच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता तिच्याशी बांधता येईल. गाड्यांची नोंदणी खरोखर करायची तर परिवहन आणि महसूल खात्यांनी मार्च ते मे या तीन महिन्यांत जिल्ह्याच्या सीमेवर क्रमांक तपासले तरी पुष्कळ झाले. आणि सरकार हलेपर्यंत गावाने थांबायचे कारण नाही. एकेकटा शेतकरी एजंटापुढे हतबल असतो. आठ-दहा जणांनी मिळून हंगामाच्या आधी एकच गाडी ठरवली, केसिंगचा आणि चढ्या फुटांचा भाव आधी लिहून घेतला, ‘नोंद भरून सही केल्यावरच पैसे’ अशी अट घातली, तर सलग आठवड्याचे काम सोडून जाणारा एजंट विरळाच. त्या नोंदींची फाइल ग्रामपंचायतीच्या कपाटात राहिली, तर पुढच्या वर्षी बोअर मारायला निघालेल्याला निदान एवढे कळेल, की शेजारच्या गटात 180 फुटांवर ओल होती आणि त्याखाली 500 फुटांपर्यंत नुसता पाषाण.